चार नगरसेवक, एक ॲप आणि न भरलेली क्षेत्रसभा

जानेवारी २०२६ मध्ये राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झाले. त्यातल्या बहुतेक शहरांत जवळजवळ चार वर्षे लोकनियुक्त सभागृहच नव्हते. काही ठिकाणी तर त्याहून अधिक. औरंगाबादची (आताचे छत्रपती संभाजीनगर) मुदत एप्रिल २०२० मध्येच संपली होती, नवी मुंबईची पुढच्याच महिन्यात, कोल्हापूर आणि कल्याण-डोंबिवलीची त्याच वर्षाच्या अखेरीस. म्हणजे या शहरांत प्रशासकांनी (सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यांनी) नगरसेवकांच्या पाच वर्षांच्या मुदतीपेक्षा जास्त काळ कारभार पाहिला. आणि गंमत अशी, की नेमक्या याच काळात नागरिकांच्या तक्रारी-सूचना घेणारी ॲप, पोर्टल आणि व्हॉट्सॲप क्रमांक यांना बहर आला. वॉर्डात निवडून आलेले कोणी नव्हते, पण तक्रार नोंदवायच्या खिडक्या पूर्वी कधी नव्हत्या इतक्या होत्या.

हे एकाच वेळी कसे घडले ते पाहायला फार मागे जायची गरज नाही. लॉर्ड रिपनचा १८८२ चा ठराव शाळेपासून पाठ असतो. त्याच्याही आधी व्हाइसरॉयच्या स्वागतावर पैसे उधळायला पुणे नगरपालिकेत एकट्याने विरोध करणारे सभासद जोतीराव फुले सरकारनियुक्त होते, निवडून आलेले नव्हे, एवढेच जाता जाता लक्षात ठेवावे. निवडणूक म्हणजेच लोकांचा आवाज असे समीकरण तेव्हाही पक्के नव्हते.

आजच्या घोळाचे मूळ १९९३ मध्ये आहे. त्या वर्षी ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती लागू झाली. गावासाठी ग्रामसभा आली. मतदारयादीत नाव असलेल्या कोणालाही तिथे उभे राहून सरपंचाला हिशेब विचारता येतो. ती नीट होते का, गणसंख्या भरते का, की सह्यांचे रजिस्टर घरोघर फिरते, हे वेगळे. पण हक्क आहे. शहरासाठी मात्र तीन लाख आणि त्यापुढच्या लोकसंख्येला वॉर्ड समित्या एवढीच तरतूद झाली, तीही ‘एका किंवा अधिक वॉर्डांसाठी’ अशा शब्दांत. राज्यांनी त्यातला ‘अधिक’ उचलला. महाराष्ट्रात एका क्षेत्रीय कार्यालयाखालचे सगळे नगरसेवक मिळून एक प्रभाग समिती झाली. तिच्यावर स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घ्यायचे होते, पण त्यांची निवड नगरसेवकांच्याच हाती. तिकीट न मिळालेल्या कार्यकर्त्यांची सोय तिथे लागते, ही टीका तेव्हापासून आजतागायत होत आली आहे आणि ती फारशी चुकीची नाही. साध्या मतदाराला या समितीत ना मत, ना बोलायचा हक्क.

ही फट लोकांनी आपापल्या परीने बुजवायचा प्रयत्न केला. मुंबईत १९९६ च्या सुमारास घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी ओला-सुका कचरा वेगळा करून गल्ली स्वतःच सांभाळायला घेतली आणि पुढे महापालिकेने त्याचीच योजना केली. त्याच वर्षी केरळात राज्याच्या योजनेतला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पैसा स्थानिक संस्थांकडे देऊन तो कशावर खर्च करायचा हे ग्रामसभा आणि वॉर्डसभांतून ठरवायला सुरुवात झाली. आपल्याकडे ती मजल कधी गाठली गेली नाही.

पुण्यात २००६ मध्ये जे सुरू झाले ते त्याच्या सर्वांत जवळ जाणारे. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ पासून चालवलेल्या प्रयोगावरून एका स्थानिक संस्थेने महापालिकेला ‘नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक’ करायला राजी केले. एकपानी अर्ज होता. नाव, पत्ता, काम कुठे हवे आणि काय हवे. फूटपाथ, बसथांबा, बाक, गल्लीतला दिवा. एका कामाला पाच लाखांची मर्यादा. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा, तिथे छाननी, मग प्रभाग समिती, मग अंदाजपत्रक. शहराच्या एकूण खर्चात ही रक्कम किरकोळ होती आणि अर्ज कुठे नाकारला गेला हे अर्जदाराला क्वचितच कळे. तरीही मंजूर काम अंदाजपत्रकाच्या पुस्तकात छापून येई. पान उघडून बोट ठेवता येत होते. पुढे अर्ज संगणकावरून भरता येऊ लागले, तेव्हा सोय वाढली. पण निर्णय कुठल्या टेबलावर होतो हे आधी जितके दिसत होते तितकेच नंतरही दिसत राहिले.

डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या नागरी पुनर्निर्माण योजनेने निधीसोबत एक अट घातली होती: राज्यांनी लोकसहभागाचा कायदा करावा. त्या अटीपोटी महाराष्ट्राने २००९ मध्ये महापालिका कायद्यात दुरुस्ती करून क्षेत्रसभा आणली. शहरातली ग्रामसभाच ती, अध्यक्षस्थानी तिथला नगरसेवक. कायदा झाला, निधीचे हप्ते आले आणि क्षेत्रसभा मुख्यत्वे कागदावर राहिली. नगरसेवकांना ती नको होती हे उघड आहे. आपल्याच अध्यक्षतेखाली लोकांकडून जाब विचारून घ्यायची हौस कोणाला असते? पण कारण तेवढेच नव्हते. दुसरे कारण प्रभागात होते आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

एका प्रभागातून किती नगरसेवक निवडायचे, हे या राज्यात दर निवडणुकीला बदलत आले आहे. २००२ मध्ये तीन, २००७ मध्ये एक, २०१२ मध्ये दोन, २०१७ मध्ये चार. २०१९ अखेर नव्या सरकारने पुन्हा एकचा कायदा केला. त्याच सरकारने २०२१ मध्ये तो बदलून तीन ठरवले. २०२२ मध्ये सरकार बदलले आणि गाडी परत चारवर आली. मुंबई एवढी या सगळ्यातून सुटली. तिचा कायदा १८८८ चा, स्वतंत्र, आणि तिथे एका वॉर्डाला एकच नगरसेवक. मुंबईकराला आपला नगरसेवक कोण हे एका नावात सांगता येते. पुणेकराला चार नावे सांगावी लागतात, आणि ती आठवली तर.

बहुसदस्यीय पद्धतीच्या बाजूने बोलणारे म्हणतात ते अगदीच खोटे नाही. एका वॉर्डाला एक जागा असली की आरक्षण दर वेळी फिरते. काम केलेल्या नगरसेवकाला पुढच्या वेळी तोच वॉर्ड मिळत नाही. मग तो लोकांना कशाला बधेल? चार जागांच्या प्रभागात महिला, मागासवर्ग आणि खुला असे सगळे एकत्र बसतात, कोणाचे घर उठत नाही. मोठ्या प्रभागात रस्ता, नाला असा सलग विचार करता येतो, हाही मुद्दा आहे. पण सत्ताधाऱ्यांना ही पद्धत आवडते ती यासाठी नव्हे. मोठा प्रभाग, चार उमेदवारांचे पॅनेल, एक चिन्ह: अपक्ष आणि लहान पक्ष तिथेच गारद होतात. म्हणून ज्याला जे सोयीचे वाटले त्याने ते केले, आणि यात सर्व रंगांचे पक्ष आले.

मतदान केंद्रात ते कसे दिसते ते पाहण्यासारखे आहे. यंत्रावर अ, ब, क, ड अशा चार जागा, प्रत्येकीच्या मतपत्रिकेचा रंग वेगळा. चारही ठिकाणी बटण दाबल्याशिवाय मतदान पुरे होत नाही. तीन जागांचे उमेदवार ठाऊक नसले तर ‘नोटा’ तरी दाबावा लागतो. दोन बटणे दाबून निघालेल्या आजोबांना केंद्राध्यक्ष मागे बोलावतात, हे दृश्य नेहमीचे. पुण्यात आता ४१ प्रभाग आणि १६५ नगरसेवक आहेत: ४० प्रभागांत चार-चार, एकात पाच. २०११ ची जनगणना धरली तरी एक प्रभाग पाऊण लाखाहून मोठा होतो. एवढ्या लोकांची क्षेत्रसभा कुठल्या मैदानात घ्यायची आणि चौघांतला कोण तिच्या अध्यक्षस्थानी बसणार? पाणी आले नाही तर ‘अ’कडे जायचे की ‘ड’कडे? चौघेही सांगणार की ते काम दुसऱ्याच्या भागातले.

मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक निवडणुकांतल्या ओबीसी आरक्षणासाठी तीन अटी घातल्या आणि त्यातून पुढचा पेच सुरू झाला. आकडेवारी, आयोग, अध्यादेश आणि न्यायालयाचा ‘जैसे थे’ आदेश. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने प्रभागरचनेचे काम राज्य निवडणूक आयोगाकडून काढून सरकारकडे घेतले, आणि एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या पक्षांनी त्या दिवशी एकदिलाने हात वर केले. पुण्याची मुदत त्याच महिन्यात संपली, मुंबई-नागपूरचीही. त्यानंतर न्यायालयाने मे २०२५ मध्ये चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणेपर्यंत, आणि ती मुदत वाढवून ३१ जानेवारी २०२६ होईपर्यंत, सभागृहे रिकामी राहिली. मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे, असे घटनेत स्पष्ट लिहिलेले असताना.

ही पोकळी तंत्रज्ञानाने भरली असे सांगितले जाते. त्याची तयारी आधीच झाली होती. केंद्राचे सूचना मागवणारे पोर्टल जुलै २०१४ चे, राज्याचे ‘आपले सरकार’ जानेवारी २०१५ चे. त्याच वर्षी स्मार्ट सिटीची स्पर्धा लागली. पुण्यात घरोघर अर्ज वाटून आणि संकेतस्थळावरून मते गोळा झाली आणि जानेवारी २०१६ मध्ये शहर देशात दुसरे आले. लोकांनी वाहतूक, पाणी, कचरा म्हटले. निधीचा मोठा भाग औंध-बाणेर-बालेवाडीला गेला आणि तो खर्चायला महापालिकेच्या बाहेर एक कंपनी स्थापन झाली. मत सगळ्या शहराचे, हिशेब मात्र संचालक मंडळाकडे. एवढ्या लोकांनी अर्ज भरले म्हणून या निर्णयाला लोकमान्यता आहे, असे तेव्हा ठासून सांगितले जाई. २०२० मधला पर्यावरण आघात मूल्यांकनाचा, म्हणजे प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी देण्याच्या नियमांचा, केंद्राचा मसुदाही असाच. हरकती ई-मेलने पाठवा म्हटले, पण मसुदा इंग्रजी आणि हिंदीत. तो सर्व अनुसूचित भाषांत द्या, असे दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावे लागले. लाखो ई-मेल गेले. एकाचेही उत्तर द्यायचे बंधन कोणावर नव्हते.

प्रशासकांच्या काळातली ॲप याच वाटेने आली. खड्ड्याचा फोटो टाकला की टोकन नंबर येतो, चार दिवसांनी ‘तक्रार निकाली’ असा संदेश येतो आणि खड्डा जागेवरच असतो. तक्रार पुन्हा उघडायची सोय असते; ती विभागाकडून विभागाकडे ‘वर्ग’ होत राहते. खड्डे, दिवे, तुंबलेली गटारे यांत या ॲपने कामे केली हेही खरे, आणि ज्याची नगरसेवकाच्या ऑफिसात ओळख नसते अशा माणसाला तो आधार होता. पण या रस्त्याला पैसे द्यायचे की पलीकडच्या उड्डाणपुलाला, हा प्रश्न ॲपमध्ये विचारायला रकाना नाही. अंदाजपत्रकासाठी मुंबईसारख्या ठिकाणी ई-मेलने सूचना मागवल्या गेल्या. त्या वाचणारा, अंदाजपत्रक मांडणारा आणि मंजूर करणारा एकच अधिकारी होता.

आता सभागृहे परत आली आहेत. क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आहे. प्रभाग चार सदस्यांचे आहेत आणि ॲपवरची तक्रार सरळ विभागाकडे जाते, त्यामुळे आपल्या प्रभागात काय अडले आहे हे नव्या नगरसेवकालाही आधी मतदाराकडूनच कळते. जनगणना २०२७ मध्ये आहे. तिचे आकडे आले की प्रभागांच्या हद्दी पुन्हा आखाव्या लागतील, पीडीएफमध्ये पुन्हा ‘नाल्याच्या कडेने उत्तरेस’ असे वर्णन येईल, हरकती-सूचनांसाठी ठरावीक दिवस मिळतील आणि एका प्रभागात किती जण हे तेव्हाचे सरकार ठरवील.