पूर्वछाया (ख्रिस्ती धर्मशास्त्र)

पूर्वछाया म्हणजे जुन्या करारातील (बायबलच्या येशूपूर्व काळातील भागातील) व्यक्ती, घटना, वस्तू आणि विधी यांत पुढे येणाऱ्या मशीहाचे (देवाने नेमलेल्या तारणाऱ्याचे), ख्रिस्ती श्रद्धेनुसार येशू ख्रिस्ताचे, रूप आधीच उमटलेले आहे अशा दृष्टीने शास्त्रलेख वाचण्याची पद्धती. ज्या व्यक्तीत वा घटनेत हे रूप दिसते तिला प्रतिरूप म्हणतात आणि त्या रूपाची पूर्तता ख्रिस्तात झाली असे मानतात. भाकीत आणि पूर्वछाया यांत फरक आहे. भाकीत संदेष्ट्याच्या शब्दांत असते, तर पूर्वछाया घडलेल्या गोष्टीतच असते आणि ती घडताना त्यात गुंतलेल्या माणसांना तिची जाणीव असेलच असे नाही. रूपककथेपासूनही ती वेगळी आहे, कारण रूपकात वरची कथा केवळ निमित्त असते. पूर्वछायेत मूळ घटना खरी, स्वतःच्या जागी अर्थपूर्ण आणि स्वयंपूर्ण मानावी लागते. ही अट पाळली नाही, तर जुना करार ही नुसती कोड्यांची वही होऊन बसते. या पद्धतीचे बरेचसे गैरवापर तिथूनच सुरू झाले आहेत.

या वाचनाचा उगम नव्या करारातच, म्हणजे बायबलच्या येशू व त्याच्या शिष्यांविषयीच्या भागातच आहे. लूकच्या शुभवर्तमानात पुनरुत्थित येशू अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्यांना मोशे व संदेष्टे यांच्यापासून आरंभ करून सर्व शास्त्रांतील आपल्याविषयीच्या गोष्टींचा अर्थ सांगतो (लूक २४:२७). नेमक्या कोणत्या गोष्टी ते लूक लिहीत नाही, आणि ती मोकळी जागा भरण्याचे काम चर्चने पुढे शतकानुशतके केले. आरंभीचा ख्रिस्ती प्रचारक पौल रोमकरांस लिहिताना आदामाला येणाऱ्याचे प्रतिरूप म्हणतो (रोम ५:१४): एकाच्या आज्ञाभंगाने मरण आले आणि एकाच्या आज्ञापालनाने जीवन. करिंथकरांस लिहिताना तो लाल समुद्र ओलांडण्यात बाप्तिस्मा पाहतो आणि अरण्यात ज्या खडकातून इस्राएल लोकांना पाणी मिळाले तो खडक ख्रिस्त होता असे म्हणतो (१ करिंथ १०:१-४). पेत्राच्या पहिल्या पत्रात नोहाचे तारू आणि जलप्रलय बाप्तिस्म्याचे पूर्वचित्र ठरतात. इब्री लोकांस लिहिलेले पत्र तर जवळजवळ संपूर्णपणे याच विचारावर उभे आहे. निवासमंडप, प्रमुख याजक, वार्षिक प्रायश्चित्त या सर्वांना ते येणाऱ्या चांगल्या गोष्टींची छाया म्हणते.

यातली सर्वांत समृद्ध कथा इसहाकाच्या अर्पणाची आहे (उत्पत्ती २२). देव अब्राहामाला त्याचा लाडका पुत्र मोरिया देशात नेऊन होमार्पण करायला सांगतो. तिसऱ्या दिवशी अब्राहामाला ती जागा दुरून दिसते. चाकरांना गाढवापाशी थांबवून तो होमाची लाकडे मुलाच्या खांद्यावर देतो, विस्तव आणि सुरा स्वतः घेतो, आणि दोघे बरोबर चालू लागतात. वाटेत मुलगा विचारतो की विस्तव आहे, लाकडे आहेत, पण होमासाठी कोकरू कोठे आहे. बाप सांगतो की कोकरू देव स्वतः पाहून देईल. शेवटी देवदूत हात थांबवतो आणि झुडपात शिंगे अडकलेला एक एडका इसहाकाच्या जागी अर्पण केला जातो. ख्रिस्ती वाचकाला यातला प्रत्येक तपशील बोलका वाटतो. स्वतःच्या खांद्यावर लाकडे वाहणारा पुत्र म्हणजे क्रूस वाहणारा येशू, तिसऱ्या दिवशी परत मिळालेला पुत्र म्हणजे पुनरुत्थान, आणि २ इतिहास ३:१ प्रमाणे शलमोनाने मंदिर मोरिया डोंगरावरच बांधले, म्हणून ती जागाही यरुशलेमच. मात्र कथेत मागितले जाते कोकरू आणि सापडतो एडका. हे लक्षात आलेल्या भाष्यकारांनी कोकरू अजून यायचेच आहे असा अर्थ लावला आणि योहान बाप्तिस्मा करणारा येशूला देवाचे कोकरू म्हणतो तिथे त्याचे उत्तर शोधले. देवाने आपल्या पुत्राला राखून ठेवले नाही, या पौलाच्या वाक्यात (रोम ८:३२) याच कथेचा पडसाद आहे असे बहुतेक अभ्यासक मानतात.

वल्हांडणाचे, म्हणजे मिसरमधील सुटकेची आठवण करणाऱ्या यहुदी सणाचे, कोकरू हे दुसरे मोठे प्रतिरूप. मिसर देशातून सुटण्याच्या रात्री प्रत्येक घराने एक वर्षाचे निर्दोष कोकरू कापायचे, एजोब या झुडपाच्या जुडीने त्याचे रक्त दाराच्या दोन्ही बाजूंना व वरच्या पट्टीला लावायचे, मांस विस्तवावर भाजून खायचे आणि त्याचे एकही हाड मोडायचे नाही, अशी आज्ञा निर्गमाच्या बाराव्या अध्यायात आहे. योहानाचे शुभवर्तमान या तपशिलांवर बारकाईने नजर ठेवते. तहानलेल्या येशूला आंब (आंबट द्राक्षारस) एजोबाच्या काठीवरून दिली जाते. सैनिक बाजूच्या दोघांचे पाय मोडतात, येशूचे मोडत नाहीत, आणि तिथेच हाड न मोडण्याचे शास्त्रवचन पूर्ण झाल्याचे सांगितले जाते. या शुभवर्तमानात येशूचा मृत्यू वल्हांडणाच्या तयारीच्या दिवशी, म्हणजे मंदिरात कोकरे कापली जात त्या दिवशी होतो. उरलेल्या तीन शुभवर्तमानांत मात्र शेवटचे भोजन हेच वल्हांडणाचे भोजन आहे. हा मेळ घालण्याचे अनेक प्रयत्न झाले. पण कालगणना वेगळी असली तरी चारही लेखकांना वल्हांडणाचाच अर्थ मांडायचा होता, ही गोष्ट त्या मतभेदाहून महत्त्वाची आहे.

काही प्रतिरूपे येशूच्याच तोंडी आहेत. अरण्यात सर्पदंशाने लोक मरू लागले तेव्हा मोशेने पितळेचा सर्प करून खांबावर लावला आणि त्याच्याकडे पाहणारा जगला (गणना २१:४-९). तसे मनुष्याच्या पुत्राला उंच केले गेले पाहिजे, असे येशू निकदेमाला सांगतो (योहान ३:१४). ही कथा तिथेच संपत नाही. लोक पुढे त्याच सर्पापुढे धूप जाळू लागले, म्हणून राजा हिज्कीयाने तो फोडून टाकला (२ राजे १८:४). खूण स्वतःच पूजेची वस्तू बनली तर ती मोडावी लागते, हे जुन्या करारानेच नोंदवले आहे, आणि पूर्वछायेवर लिहिणाऱ्यांनी या उत्तरार्धाकडे जितके लक्ष द्यायला हवे होते तितके क्वचितच दिले. योनाच्या चिन्हाबाबतही वाचन एकसुरी नाही. मत्तयाच्या मते मोठ्या माशाच्या पोटातील तीन दिवस व तीन रात्री म्हणजे येशूचे कबरेतील वास्तव्य (मत्तय १२:४०), तर लूकच्या मते निनवेच्या लोकांना केलेला उपदेश हेच ते चिन्ह.

मलकीसदेकाची गोष्ट उत्पत्तीत अवघ्या तीन वचनांची आहे. शालेमचा हा राजा आणि परात्पर देवाचा याजक भाकर व द्राक्षारस घेऊन अब्रामाला सामोरा येतो, आशीर्वाद देतो, दशमांश स्वीकारतो आणि कथेतून निघून जातो. इब्री लोकांस पत्राचा लेखक त्याच्या वंशावळीविषयी शास्त्र काहीच सांगत नाही एवढ्यावरून आणि ११०व्या स्तोत्राच्या आधाराने लेवीच्या, म्हणजे इस्राएलच्या याजकांच्या, वंशापलीकडचे, कायमचे याजकपद सिद्ध करतो. भाकर व द्राक्षारस यांचा मात्र तो उल्लेखही करत नाही. त्यांत प्रभुभोजनाची (भाकर व द्राक्षारसाच्या ख्रिस्ती विधीची) छाया पाहिली ती पुढच्या काळातील आलेक्झांड्रियाचा क्लेमेंट आणि कार्थेजचा सिप्रियन यांनी. योसेफाचेही असेच आहे. बापाचा लाडका, भावांनी वीस रुप्यांना विकलेला, आणि शेवटी त्याच भावांना दुष्काळातून वाचवणारा योसेफ ख्रिस्ताशी इतका जुळतो की वाचकाला ते प्रतिरूप गृहीतच वाटते, पण नव्या करारात कोठेही त्याला तसे म्हटलेले नाही.

दुसऱ्या शतकात या पद्धतीला निकडीचे कारण मिळाले. मार्कियनने इ. स. १४०च्या दशकात रोममध्ये जुन्या कराराचा देव आणि येशूचा पिता वेगवेगळे आहेत असे शिकवून इस्राएलचे शास्त्रलेख टाकून द्यायला सांगितले. त्यावर चर्चचे उत्तर असे होते की दोन्ही करारांत एकच देव एकच तारणकार्य करतो, आणि पूर्वछाया हा त्या उत्तराचा कणा होता. जस्टिन मार्टिरने इस्राएलच्या अमालेक या शत्रूशी लढाई चालू असताना मोशेच्या पसरलेल्या हातांत क्रूसाचा आकार पाहिला. लियोंचा बिशप आयरेनियस याने आदाम व ख्रिस्त यांच्या जोडीला हव्वा व मरिया ही जोडी मांडली. आशिया मायनरमधील सार्दीस शहराच्या मेलिटोने वल्हांडणावर दिलेले प्रवचन पपायरसच्या आधाराने १९४०मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. कारागीर मोठे काम उभारण्याआधी मेण, माती वा लाकडाचा नमुना करतो आणि काम पुरे झाल्यावर नमुन्याची गरज उरत नाही, असे तो म्हणतो. हाबेलात मारला गेला, इसहाकात बांधला गेला, योसेफात विकला गेला, दावीदात छळला गेला तो ख्रिस्तच, ही त्याची मांडणी आजही अंगावर काटा आणते. पण याच प्रवचनात देवाला मारल्याचा आरोप इस्राएलवर ठेवलेला आहे, आणि या आरोपाने पुढे युरोपात यहुद्यांचे काय केले हे माहीत असताना मेलिटोचे सौंदर्य त्याच्या दोषापासून अलग करून वाचणे योग्य नाही.

किती दूर जायचे यावर मतभेद होतेच. आलेक्झांड्रियात ओरिजेनने जवळजवळ प्रत्येक शब्दाला आध्यात्मिक अर्थ दिला. अंत्युखियाच्या परंपरेतील तार्ससचा डायोडोर आणि मोप्सुएस्तियाचा थिओडोर यांनी इतिहास व व्याकरण सोडून चालणार नाही असा आग्रह धरला. ऑगस्टीनने नवा करार जुन्यात लपलेला आहे आणि जुना नव्यात उघड झाला आहे, असे सूत्र दिले व पाश्चात्त्य चर्चने ते स्वीकारले. एकोणिसाव्या शतकातील काही प्रोटेस्टंट अभ्यासकांनी नवा करार स्वतः ज्याला प्रतिरूप म्हणतो तेवढेच मानावे अशी कडक मर्यादा घातली. ती सुरक्षित असली तरी अपुरी आहे, कारण नव्या कराराचे लेखक ठरावीक यादी देत नाहीत, ते वाचण्याची एक रीत शिकवतात.

निरक्षर भाविकांपर्यंत ही रीत चित्रांतून पोचली. रोमच्या भुयारी दफनस्थळांत योना वारंवार दिसतो. रोममध्ये इ. स. ३५९मध्ये मरण पावलेल्या जुनियस बासस या अधिकाऱ्याच्या संगमरवरी शवपेटीवर इसहाकाचे अर्पण आणि सिंहांमधला दानिएल ख्रिस्ताच्या प्रसंगांशेजारी कोरले आहेत. रावेन्ना येथील सान विताले चर्चमध्ये (अभिषेक इ. स. ५४७) वेदीच्या एका बाजूच्या कुट्टिमचित्रात (रंगीत तुकडे बसवून केलेल्या चित्रात) कोकरू उचललेला हाबेल आणि भाकर उंचावलेला मलकीसदेक एकाच मेजाच्या दोन टोकांना उभे आहेत, मेजावर पांढरे वस्त्र, प्याला आणि भाकरी आहेत. समोरच्या भिंतीवर अब्राहाम आहे. खाली याजक खऱ्या वेदीवर तेच करत असतो, त्यामुळे चित्र आणि विधी एकमेकांत मिसळतात. ऑस्ट्रियातील क्लोस्टरनॉइबुर्ग येथे वेर्दूनच्या निकोलसने ११८१मध्ये पूर्ण केलेल्या मीनाकामाच्या फलकांत मधल्या ओळीत ख्रिस्तचरित्र, वर नियमशास्त्राआधीचे आणि खाली नियमशास्त्राच्या काळातले प्रसंग अशी तीन थरांची रचना आहे.

उपासनेत पूर्वछाया सर्वांत जिवंत राहिली ती ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरात. रोमन कॅथलिक विधीत त्या रात्रीसाठी जुन्या करारातील सात वाचने नेमलेली आहेत. त्यांत सृष्टीची उत्पत्ती, इसहाकाचे अर्पण आणि समुद्र ओलांडणे ही आहेत, आणि समुद्राचे वाचन कधीही गाळता येत नाही. वसईच्या धर्मग्रामांत मराठीतून होणाऱ्या उपासनेचाही हाच क्रम आहे.

मराठीत हा विचार फार लवकर आला. १५७९मध्ये गोव्यात आलेले इंग्लिश जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६मध्ये साष्टीतील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे ११,००० ओव्यांच्या या काव्याची विभागणीच दोन पुराणांत आहे: पहिल्यात जुन्या कराराची कथा मशीहाच्या प्रतीक्षेपर्यंत येते, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. नवख्रिस्ती श्रोत्याला येशूची ओळख करून देण्याआधी स्टीफन्स त्याला आदामापासून चालवत आणतात. ती वाट वाचकाने चालल्याशिवाय दुसरे पुराण उमगणार नाही हा त्यांचा विश्वास होता, आणि पूर्वछायेचे इतके दीर्घ मराठी उपयोजन दुसरे सापडणे कठीण आहे.

यहुदी वाचकांना ही पद्धती मान्य नाही. त्यांच्या परंपरेत इसहाकाच्या बांधणीची कथा रोश हशाना या नववर्षाच्या सणाला वाचतात आणि त्या वेळी वाजवला जाणारा शोफार (एडक्याच्या शिंगाचे वाद्य) त्या एडक्याची आठवण मानतात. कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएल समाजही या शास्त्रलेखांचा वारसा तसाच जपतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५मध्ये येशूच्या मृत्यूचा दोष सरसकट यहुद्यांवर ठेवणे नाकारले. कॅथलिक चर्चच्या १९९२च्या धर्मशिक्षण ग्रंथात पूर्वछायेचे वाचन कायम ठेवून जुन्या कराराला प्रकटीकरण म्हणून स्वतःचे मोल असल्याचे सांगितले आहे. व्हॅटिकनच्या बायबल आयोगाने २००१मध्ये त्यापुढे जाऊन यहुद्यांचे या शास्त्रलेखांचे वाचन हेही शक्य आणि त्या लेखांशी सातत्य राखणारे वाचन आहे असे नमूद केले.