रॅडबर्न, चार्ल्स
रॅडबर्न, चार्ल्स ‘ओल्ड हॉस’ : (११ डिसेंबर १८५४ – ५ फेब्रुवारी १८९७). अमेरिकन बेसबॉलच्या सुरुवातीच्या काळातला पिचर (फलंदाजाकडे चेंडू टाकणारा खेळाडू). जन्म न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरचा. वाढला मात्र इलिनॉयमधील ब्लूमिंग्टन गावी. वडील खाटीक होते. त्यानेही काही काळ तेच काम केले, मग रेल्वेत ब्रेकमनची (गाडीचे ब्रेक सांभाळणाऱ्याची) नोकरी. १८८० मध्ये बफेलो संघातून तो नॅशनल लीग या व्यावसायिक साखळी स्पर्धेत आला आणि पुढच्याच वर्षी प्रॉव्हिडन्स ग्रेज या संघात गेला. बॅटही बरी चालायची : ऑगस्ट १८८२ मध्ये डेट्रॉइटविरुद्ध १८ व्या इनिंगपर्यंत (इनिंग म्हणजे दोन्ही संघांच्या बॅटिंगची एक फेरी; सामना सहसा नऊ इनिंगचा) एकही धाव झाली नव्हती, तेव्हा राइट फील्डला (मैदानाच्या उजव्या बाजूला) खेळत असलेल्या रॅडबर्ननेच होम रन (एकाच फटक्यात पूर्ण धाव) मारून सामना १–० असा संपवला.

त्या वेळचा खेळ वेगळा होता. पिचर ५० फुटांवरून चेंडू टाकी (आज अंतर ६० फूट ६ इंच आहे), आणि दुखापत झाल्याखेरीज बदली खेळाडू घेता येत नसे. खांद्यावरून हात फिरवायला नॅशनल लीगने १८८४ मध्ये मुभा दिली, तरी रॅडबर्न बहुतेक खालूनच चेंडू टाकत राहिला.

त्याचे नाव टिकले ते याच १८८४ च्या हंगामामुळे. प्रॉव्हिडन्सकडे दोन पिचर होते, रॅडबर्न आणि तरुण चार्ली स्वीनी. दोघांचे पटत नव्हते. जुलैच्या मध्यावर, मन लावून खेळत नाही असा ठपका ठेवून संघाने रॅडबर्नला निलंबित केले. २२ जुलैला स्वीनीला सामन्यात पिचिंग सोडून राइट फील्डला जायला सांगितले, तर तो दारूच्या नशेत मैदान सोडून निघूनच गेला. उरलेल्या आठ जणांनी सामना कसाबसा संपवला आणि अर्थातच हरले. स्वीनीची हकालपट्टी झाली. संघच गुंडाळावा काय, इथपर्यंत गोष्ट आली.

तेव्हा रॅडबर्नने व्यवस्थापक फ्रँक बॅनक्रॉफ्टपुढे सौदा ठेवला : उरलेला हंगाम मी एकटा ओढतो, पण शेवटी मला करारातून मोकळे करा. त्या काळी ‘रिझर्व्ह क्लॉज’मुळे खेळाडू संघाला जखडलेला असे, मालकाच्या मर्जीशिवाय दुसरीकडे जाता येत नसे. या पराक्रमाची गोष्ट संघनिष्ठेची म्हणून सांगितली जाते, पण तिच्या मुळाशी हा रोकडा व्यवहार होता. पुढच्या ४३ सामन्यांपैकी ४० त्याने टाकले, ३६ जिंकले. सकाळी केस विंचरायलाही हात वर जाईना, अशी स्थिती झाली होती. हंगामाअखेर त्याच्या नावावर ६७८ हून अधिक इनिंग आणि ४४१ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर फलंदाज बाद) होते. सुरू केलेले ७३ च्या ७३ सामने त्याने स्वतःच पूर्ण केले. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क मेट्रोपॉलिटन्सविरुद्धचे अजिंक्यपदाचे तिन्ही सामनेही त्यानेच जिंकून दिले.

मोकळीक मिळूनही तो १८८५ मध्ये प्रॉव्हिडन्सकडेच राहिला. त्या वर्षानंतर संघच बंद पडला. पुढे बॉस्टन आणि शेवटी १८९१ मध्ये सिनसिनाटी. पण ती धार परत आली नाही. १८८६ मधल्या बॉस्टन व न्यूयॉर्क संघांच्या एकत्र छायाचित्रात तो मधले बोट दाखवताना दिसतो. हा हावभाव छायाचित्रात टिपला गेल्याचे हे सर्वांत जुने उदाहरण मानतात.

निवृत्तीनंतर ब्लूमिंग्टनमध्ये त्याने दारूचा गुत्ता आणि बिलियर्डची खोली चालवली. शिकारीतल्या अपघातात एक डोळा गेला. वयाच्या ४२ व्या वर्षी त्याचे निधन झाले. १९३९ मध्ये त्याला बेसबॉलमधील थोर खेळाडूंच्या सन्मानार्थ असलेल्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले.

१८८४ मधल्या त्याच्या विजयांचा आकडा कुठे ५९ तर कुठे ६० असा आढळतो. २८ जुलैच्या सामन्यात सुरुवातीच्या इनिंग सायक्लोन मिलर या पिचरने टाकल्या, संघाने आघाडी घेतली आणि मग चेंडू रॅडबर्नच्या हाती आला. तेव्हाच्या गुणलेखकाने विजय रॅडबर्नला दिला. आजच्या नियमाने तो मिलरचा ठरतो. त्यामुळे कारकिर्दीची बेरीजही काही ठिकाणी ३०९, काही ठिकाणी ३१० येते.