जुन्या बाटल्यांवरचे किटण : पार्श्वभूमी

आल्याचे फसफसते पेय, फळांचे व्हिनेगर किंवा सरबत घरी करून ठेवणाऱ्यांना काचेच्या जुन्या बाटल्या हव्याच असतात आणि सोलापुरात त्या भंगाराच्या दुकानांत सहज मिळतात. अडचण येते ती तळाशी आणि खांद्याच्या वळणावर घट्ट बसलेल्या किटणाची. हे किटण वरवर पाहता एकच वाटले, तरी त्यात निरनिराळ्या कारणांनी साचलेले थर असतात. ते एकेक करून ओळखता येऊ लागले, तसतशी बाटल्या धुण्याची रीतही बदलत गेली.

काच महाग होती तोवर बाटली टाकून देण्याचा प्रश्नच नव्हता. एकोणिसाव्या शतकात चांगल्या बाटल्या बहुतांशी परदेशातून येत. हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याने 1870 च्या दशकाच्या प्रारंभी पेटंट घेतलेली गोटी सोड्याची बाटली त्यांपैकीच एक. तिच्या मानेतील खाचेमागे ब्रश पोहोचत नाही, त्यामुळे ती धुणे आजही जिकिरीचे आहे. पुढे 1908 साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा, म्हणजे लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या निधीचा, काच कारखाना सुरू झाला आणि 1916 मध्ये कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना उभा राहिला. देशी काच मिळू लागली, तरी बाटली धुऊन पुन्हा वापरण्याची सवय सुटली नाही, हे चांगलेच झाले.

घरोघरी यासाठी चुलीतली राख, रिठ्याचे पाणी, चिंच आणि वाळू वापरली जाई. राखेतील पोटॅशियम कार्बोनेटमुळे तेलकटपणा सुटतो, म्हणून ती रीत अडाणीपणाची मुळीच नव्हती. वाळूबद्दल मात्र माझे मत प्रतिकूल आहे : तिने काचेवर बारीक ओरखडे पडतात, पुढचे किटण त्यांतच धरते आणि बाटली दाबाला कमकुवत होते. त्यापेक्षा मूठभर तांदूळ किंवा ज्वारीच्या कण्या पाण्यात घालून बाटली खळखळून हलवणे केव्हाही बरे. अर्नेस्ट सॉल्व्हे यांनी 1860 च्या दशकात शोधलेल्या पद्धतीमुळे धुण्याचा सोडा स्वस्त झाला आणि राखेचे काम त्याच्याकडे गेले. 1870 च्या दशकात पहिली कापड गिरणी उभी राहिलेल्या आणि सूत सोड्यात उकळून स्वच्छ करण्याची माहिती असलेल्या सोलापूरला या सोड्याचा गुण नवा नव्हता.

सोडा जिथे हरतो, तिथे सोलापूरच्या पाण्याचा संबंध येतो. दख्खनच्या काळ्या खडकातून येणाऱ्या विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. पाणी बाटलीत राहून आटले की ते थांबले होते तिथे पांढरे कडे उमटते. रात्रभर कोमट सोड्यात बुडवलेल्या बाटलीतून तपकिरी पापुद्रे सुटून पाण्यावर तरंगतात, पण हे कडे जागचे हलत नाही. त्याच कड्यावर लिंबूसत्त्वाचे पाणी घातले की बारीक बुडबुडे उठतात आणि थोड्या वेळाने काच मोकळी होते. म्हणजे आधी सोडा, मग स्वच्छ पाणी आणि त्यानंतर आंबट द्रावण, हा क्रम पाळावा लागतो. दोन्ही एकत्र केली तर एकमेकांचा गुण मारतात. ब्लीचिंगच्या पाण्यात आंबट पदार्थ तर कधीच घालू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

तिसरा थर डोळ्यांना दिसत नाही. लुई पाश्चर यांनी 1876 साली बिअरवरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला आणि पेय बिघडण्यामागे सूक्ष्मजीव असतात हे दाखवून दिले. तेव्हापासून धुणे आणि निर्जंतुक करणे ही दोन वेगळी कामे ठरली. किटण शिल्लक असेल तर जंतुनाशक त्याच्या आतपर्यंत पोहोचत नाही, म्हणून धुण्याचे काम आधी पुरे करावे लागते. ब्रिटनमध्ये 1963 साली घरगुती बिअरवरील परवान्याची अट गेली, अमेरिकेत 1978 च्या कायद्याने तिला करमाफी मिळाली आणि वापरलेल्या बाटल्या धुण्याचे हे शास्त्र तिथल्या हौशी मंडळींच्या घरांत शिरले. सोडियम परकार्बोनेटसारखी ऑक्सिजन सोडणारी पूड त्यांच्याकडे पुढे रूढ झाली. आपल्याकडची वाट निराळी आहे. सोलापुरात 1930 च्या सत्याग्रहात शिंदीची झाडे तोडली गेली आणि 1949 च्या दारूबंदी कायद्याने राज्यात परवान्याशिवाय दारू गाळणे हा गुन्हा ठरला, त्यामुळे इथे या ज्ञानाचा उपयोग व्हिनेगर आणि बिनदारूच्या पेयांपुरताच करता येतो.

सोडा, लिंबूसत्त्व आणि ब्रश यांपैकी कशालाही न जुमानणारा दुधी धूसरपणा काही बाटल्यांवर उरतो. तो मळ नसतो; वर्षानुवर्षे ओल लागून काचेतील सोडियम झिरपून गेल्याने तिचा पृष्ठभागच झिजलेला असतो. ती बाटली कितीही घासली तरी पूर्ववत होत नाही आणि फसफसत्या पेयाच्या दाबासाठी तिच्यावर भरवसा ठेवू नये.