नवरा सोडून गेला, तरी लग्न ‘रद्द’ का होत नाही?

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कौटुंबिक न्यायालयात मुलीकडची माणसं वकिलाला हमखास विचारतात, “लग्नच रद्द करून मिळेल का? घटस्फोटाचा शिक्का नको.” जावई दोन-चार महिन्यांत बेपत्ता झालेला असतो. वकील बहुधा नाहीच म्हणतो. रद्द करताना कोर्ट लग्नाच्या वेळची स्थिती बघतं: संमती फसवून किंवा धाकाने घेतली का, नपुंसकत्व होतं का, मानसिक आजारामुळे संमतीच देता येत नव्हती का, मुलगी दुसऱ्यापासून गरोदर होती का. सोडून जाणं ही त्यानंतरची गोष्ट.

मुळात कोर्टांचा भर सोडून गेलेल्याला परत नांदायला लावण्यावर होता. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाई नांदायला गेल्याच नाहीत, म्हणून नवऱ्याने १८८४ मध्ये मुंबई हायकोर्टात दावा लावला. न्या. पिन्हे यांनी तो फेटाळला. पण अपिलात चक्रं फिरली आणि १८८७ मध्ये हुकूम झाला, नांदायला जा नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाई कैदेला तयार होत्या. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. नांदायला लावण्याचा दावा आजही १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली लावता येतो, हे विशेष.

अनेक जातींत काडीमोड पूर्वापार चालत होता, आणि ती रूढी १९५५ च्या कायद्यानेही राखली. अडचण होती ती जिथे अशी रूढीच नव्हती तिथे. त्यांना वाट दिली १९४७ च्या मुंबई हिंदू घटस्फोट कायद्याने: चार वर्षं सोडून राहिलं की घटस्फोट. त्याच कायद्याखालच्या मुंबईच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९५६ मध्ये कसोटी घालून दिली. नुसतं वेगळं राहणं पुरत नाही, कायमचं सोडण्याचा इरादा हवा. त्या खटल्यातली बायको परत यायला तयार होती, नवरा हरला.

गंमत अशी की, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने मुंबईचा हा कायदा रद्द केला आणि परित्यागासाठी सरळ घटस्फोट ठेवलाच नाही. दोन वर्षं सोडून राहिल्यावर आधी न्यायिक विभक्ततेचा, म्हणजे लग्न न मोडता वेगळं राहण्याचा हुकूम मिळवायचा, त्यानंतर आणखी दोन वर्षं एकत्र आलं नाही तर घटस्फोट. मुंबईकरांच्या हातचं गेलं, ते परत मिळायला १९७६ ची दुरुस्ती यावी लागली. तेव्हापासून सलग दोन वर्षांचा परित्याग हे घटस्फोटाचं थेट कारण आहे. ख्रिस्ती बाईची वाट त्याहून बिकट होती. १८६९ च्या कायद्यात नवऱ्याने टाकलं एवढं पुरत नसे, व्यभिचारही सिद्ध करावा लागे. हे २००१ मध्ये बदललं.

मात्र पळालेल्या जावयाची पहिली बायको हयात निघाली आणि ते लग्न मोडलेलं नसलं, तर हे दुसरं लग्न मुळातच शून्य, म्हणजे कायद्याने झालेलंच नाही असं ठरतं. फसवणूक असेल, तर ती उघडकीला आल्यापासून वर्षभरात लग्न रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो आणि त्यानंतर राजीखुशीने एकत्र राहिलेलं चालत नाही. वाट बघण्यात ते वर्ष सरलं, तर घटस्फोटाचाच अर्ज उरतो.