टेस्टला फॉर्ममधली फील्ड सापडते कशी, त्यामागची जुनी गोष्ट

पेज नीट चालतंय पण टेस्ट (पेज आपोआप तपासणारी स्क्रिप्ट) लाल, म्हणजे नापास, हे टेस्टिंगवाल्यांचं रोजचं रडगाणं, आणि दरवेळी भांडण एकाच गोष्टीवरून, स्क्रिप्टला फॉर्ममधली फील्ड सापडणार कशी. जुन्या काही रेकॉर्डिंग टूल्समध्ये तर क्लिक स्क्रीनवर कुठे झाला तेच लक्षात ठेवलं जायचं, म्हणजे विंडो जरा सरकली की पासवर्ड भलत्याच ठिकाणी टाइप.

१९९८ मध्ये डॉमचं (पेजमधल्या घटकांची झाडासारखी मांडणी) पहिलं स्टँडर्ड आलं, १९९९ मध्ये एक्सपाथ, म्हणजे अशा झाडात एखादा घटक कुठे आहे त्याचा पत्ता लिहायची भाषा. एक्सपाथ खरंतर एक्सएमएल या डेटाच्या फॉरमॅटसाठी होता, टेस्टिंगवाल्यांनी तो उचलला. मग २००४ मध्ये थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीत जेसन हगिन्सने सेलेनियम हे ब्राउझरमध्ये टेस्ट चालवणारं टूल केलं, कंपनीच्याच टाइमशीटवाल्या अ‍ॅपच्या टेस्टिंगसाठी. (नावात टोमणा आहे, प्रतिस्पर्धी कंपनी मर्क्युरी, म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियम चालतं म्हणे!) ते पेजच्या आतच जावास्क्रिप्टने चालायचं, त्यामुळे फाइल अपलोडच्या फील्डपाशी हमखास अडायचं, कारण त्यात जावास्क्रिप्टने पाथ भरायला ब्राउझर सुरक्षेपायी देतच नाही. सायमन स्टुअर्टच्या वेबड्रायव्हर या टूलने ब्राउझर बाहेरून हाकला आणि हे सुटलं, २०११ च्या सेलेनियम २ मध्ये दोन्ही एकत्र आले, २०१८ मध्ये वेबड्रायव्हर डब्ल्यूथ्रीसीचं (वेबची स्टँडर्ड ठरवणारी संस्था) स्टँडर्डही झालं.

पण पत्त्याचं दुखणं तसंच राहिलं. बॉडीतला (पेजच्या मुख्य भागातला) दुसरा डिव्ह म्हणजे कप्पा, त्यातला फॉर्म, त्यातला तिसरा इनपुट असा एक्सपाथ मीही कॉपी-पेस्ट केलाय, वर कुणीतरी एक बॅनर टाकला की दुसऱ्याचा तिसरा डिव्ह होतो आणि सगळं बोंबललं. आयडी (घटकाला दिलेलं खास नाव) बरा, पण पेज ज्यावर बांधलंय ते फ्रेमवर्क तो दर बिल्डला, म्हणजे कोड नव्याने तयार केला की, बदलत असेल तर काय कामाचा? आणि ड्रॉपडाउन! सेलेनियमचा सिलेक्ट क्लास (ड्रॉपडाउन हाताळणारा तयार कोड) फक्त एचटीएमएलच्या खऱ्या सिलेक्ट टॅगवर चालतो, डिव्ह सजवून केलेला ड्रॉपडाउन दिला की सरळ एरर, मग आधी क्लिक करा, यादी उघडेपर्यंत थांबा, मग त्यातला ऑप्शन शोधा.

२०१८ च्या सुमारास टेस्टिंग लायब्ररी नावाच्या टूलने उलटा विचार लावून धरला, की माणूस फील्ड लेबल वाचून शोधतो तर टेस्टनेही तसंच शोधावं, नंतर प्लेराइट या दुसऱ्या टेस्टिंग टूलनेही तेच उचललं. गंमत म्हणजे लेबल टॅग एचटीएमएल ४ मध्ये, म्हणजे १९९७ पासूनच होता. आणि आजही कित्येक फॉर्ममध्ये लेबल नसतंच, नुसता प्लेसहोल्डर (फील्डच्या आतला पुसट मजकूर) असतो, की आलो परत एक्सपाथवर.