विसरभोळेपणासाठी रक्त तपासताय? आधी पहाटेच्या चहाकडे बघा

"आई हल्ली फार विसरते, अल्झायमर आहे का ते रक्तातून कळेल का?" आमच्या दादरच्या रक्ततपासणी लॅबच्या काउंटरवर हा प्रश्न सारखा येतो. निदान न्यूरॉलॉजिस्टच, म्हणजे मेंदूविकारतज्ज्ञच करतात. पण ते आधी साखर, थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्व तपासायला सांगतात, त्याला कारण आहे.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराची साधारण २० टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो, तीही मुख्यतः ग्लुकोजमधून. अल्झायमरमध्ये मेंदूच्या काही भागांचा हा वापर घटतो. मेंदूचा ग्लुकोजचा वापर दाखवणाऱ्या पेट (PET) स्कॅनमध्ये ते भाग मंद दिसतात. मधुमेह्यांना स्मृतिभ्रंशाचा धोकाही जास्त. पण बी-१२ किंवा थायरॉइड कमी पडल्यानेही माणूस विसरायला लागतो, आणि ते औषधाने सुधारू शकतं. वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर बी-१२ जरूर बघून घ्या.

आता मुख्य गोष्ट. उपाशीपोटी रक्त घ्यायला आमच्या लॅबचा मुलगा पहाटे साडेसहाला घरी येतो. आजोबा म्हणतात, "काही घेतलं नाही." नुकतीच उठलेली सूनही तेच सांगते. मग सदऱ्यावर बिस्किटाचा चुरा दिसतो, मोरीत चहाचा कप. आजोबा खोटं बोलत नाहीत. तासाभरापूर्वीचा चहा त्यांच्या लक्षातच नसतो. अशा रक्तातली साखर वाढलेली दिसते, ती बघून गोळी वाढली तर पुढे साखर एकदम उतरून भोवळ येते, माणूस पडतो, गोंधळ आणखी वाढतो.

म्हणून अशा वेळी आम्ही रक्त घेत नाही. "आलाच आहात तर घेऊन जा" असा आग्रह होतो, कुणी रागावतंही. पण चुकीचा रिपोर्ट आम्ही देणार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो, त्या फेरीचे पैसे घेत नाही.

रात्री जेवण वेळेत उरका, मध्ये निदान आठ तास जाऊ द्या. बिस्किटांचा आणि साखरेचा डबा रात्रीच वर ठेवून द्या. पाणी चालेल, बिनसाखरेचा चहाही नको. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन उपाशीपोटी देऊ नका, सकाळच्या डोसचं डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. उपास जमणारच नसेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, कधीही करता येते. ती चालेल का, हेही त्यांनाच विचारा.

माहीम, माटुंगा, प्रभादेवीत घरी येतो. आदल्या संध्याकाळी सातपर्यंत फोन करा आणि पहाटे आजी-आजोबांजवळ कोण जागं असेल, त्यांचं नाव सांगा.