ऑफिसच्या इमारतीला बीईईचे तारे: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाआधीचा महिना

एसीवर आणि फ्रिजवर असतात तसे तारे ऑफिसच्या अख्ख्या इमारतीलाही मिळतात, हे अजून बऱ्याच संस्थांना आणि कार्यालयप्रमुखांना माहीत नसते. ऊर्जा दक्षता ब्युरो, म्हणजे सगळे जिला बीईई म्हणतात ती केंद्र सरकारची संस्था, २००९ पासून ऑफिसच्या इमारतींना एक ते पाच तारे देते. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याच कायद्याखाली १ मार्च २००२ ला बीईई सुरू झाली. हे रेटिंग सक्तीचे नाही, आपण होऊन अर्ज करायचा असतो.

मी एनर्जी ऑडिटची कामे करतो. फॉर्म भरायला फार वेळ लागत नाही. त्यात लिहायचे दोन आकडे, वर्षभराचे युनिट आणि इमारतीचे क्षेत्रफळ, खरेखुरे शोधून काढायला मात्र महिना जातो. तो महिना मनापासून द्या. वीज कुठे वाया जाते हे त्याच शोधाशोधीत कळते.

कोणाला अर्ज करता येतो

इमारतीचा जोडभार, म्हणजे तिथे जोडलेल्या सगळ्या उपकरणांची मिळून विजेची क्षमता, १०० किलोवॅट किंवा त्याहून जास्त हवा. सरकारी, निमसरकारी, खाजगी, कोणतीही चालते. इमारत वापरात असून बारा महिन्यांच्या वीजवापराची नोंद हातात हवी, कारण सगळे मोजमाप प्रत्यक्ष वापरावर होते. नकाशात काय लिहिले होते किंवा भिंती कशाच्या आहेत, यावर तारे ठरत नाहीत. ऑफिसांनंतर बीपीओ, शॉपिंग मॉल आणि रुग्णालये यांनाही ही योजना लागू झाली. त्यांचे मोजमाप वेगळे असते, म्हणून खालचे आकडे त्यांना लावू नका.

एक गोंधळ नेहमी होतो. ईसीबीसी, म्हणजे ऊर्जा संवर्धन इमारत संहिता, ही नव्या व्यापारी इमारतींसाठी आहे. ती २००७ मध्ये आली, २०१७ मध्ये सुधारली, आणि तिचा विचार आराखड्याच्या टप्प्यावर होतो. ग्रिहा आणि आयजीबीसीची हरित प्रमाणपत्रे पाणी, कचरा, बांधकाम साहित्य असे बरेच काही पाहतात. बीईईचे तारे चालू इमारतीच्या विजेपुरतेच असतात. तुमची इमारत पंधरा वर्षांची असली तरी बिघडत नाही.

तारे कसे मोजतात

वर्षभरात वापरलेले युनिट भागिले बांधकाम क्षेत्र, चौरस मीटरमध्ये. या आकड्याला ईपीआय, म्हणजे एनर्जी परफॉर्मन्स इंडेक्स, म्हणतात. महावितरणकडून किंवा दुसऱ्या वीज कंपनीकडून घेतलेली वीज आणि जनरेटरवर तयार केलेली वीज, दोन्ही धरायची. गच्चीवरच्या सोलरची वीज यात धरत नाहीत. पार्किंगचे क्षेत्र वगळायचे.

मग दोन गोष्टी पाहतात. एक, निम्म्याहून जास्त क्षेत्र वातानुकूलित आहे की कमी. दुसरी, हवामान. मुंबई आणि पणजी उष्ण-दमट पट्ट्यात, सोलापूर उष्ण-कोरड्या पट्ट्यात, नागपूर संमिश्र पट्ट्यात. मूळ योजनेत निम्म्याहून जास्त एसी असलेल्या ऑफिससाठी संमिश्र हवामानात १९० ते १६५ ईपीआयला एक तारा, १६५ ते १४० ला दोन, १४० ते ११५ ला तीन, ११५ ते ९० ला चार आणि ९० च्या खाली पाच तारे. उष्ण-दमट पट्ट्यात प्रत्येक आकडा १० ने जास्त, उष्ण-कोरड्यात १० ने कमी. अर्ज करताना बीईईच्या संकेतस्थळावरचा चालू तक्ता समोर ठेवा.

उदाहरण म्हणून नागपूरची एक इमारत घेऊ. क्षेत्र ४,००० चौरस मीटर, बिलातले युनिट ५,८८,०००, जनरेटरचे १२,०००. एकूण सहा लाख, भागाकार १५०. म्हणजे दोन तारे.

कागदपत्रे

बारा महिन्यांची सलग वीजबिले लागतात. सलग म्हणजे सलग, मधले एखादे हरवले असेल तर वीज कंपनीच्या संकेतस्थळावरून काढून घ्या. इमारतीत दोन-तीन मीटर असतील तर सगळ्यांची बिले द्या. लिफ्ट आणि पाण्याचा पंप यांचा वेगळा मीटर हमखास विसरला जातो. मंजूर भार आणि कॉन्ट्रॅक्ट डिमांड बिलावर छापलेले असतेच.

इथे जरा थांबून बिल नीट वाचा. उच्चदाब ग्राहकांना महावितरण २०२० पासून केव्हीएएचवर आकारणी करते. केडब्ल्यूएच म्हणजे प्रत्यक्ष वापरलेले युनिट, केव्हीएएच म्हणजे पॉवर फॅक्टर धरून येणारा आकडा. बिलावर दोन्ही आकडे असतात, आणि पैसे केव्हीएएचवर लागतात म्हणून लेखा विभाग तोच आकडा वहीत उतरवतो. अर्जाला केडब्ल्यूएच लागतात. एका कार्यालयात वर्षभराचा तक्ता मला तयार मिळाला होता, सुबक टाइप केलेला. बारा महिन्यांपैकी सात महिने केव्हीएएच आणि पाच महिने केडब्ल्यूएच. तक्ता करणारा माणूस मध्येच बदलला होता, एवढेच. मीटरवरून थेट रीडिंग घेत असाल तर मल्टिप्लाइंग फॅक्टरने, म्हणजे त्या मीटरसाठी ठरलेल्या गुणकाने, गुणायला विसरू नका.

जनरेटरचे लॉगबुक लागते. डिझेल किती भरले याच्या पावत्या बहुतेक ठिकाणी असतात, पण तयार झालेल्या युनिटची नोंद नसते. जनरेटरच्या पॅनेलवर एनर्जी मीटर बसवा आणि आजपासून रोज रीडिंग लिहायला सुरुवात करा.

क्षेत्रफळासाठी मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र. नकाशावर प्रत्येक मजल्याचे वातानुकूलित आणि बिगर-वातानुकूलित क्षेत्र रंगवून घ्या, कारण निम्म्याहून जास्त की कमी हे त्यावरच ठरते. चौरस फूट असेल तर १०.७६ ने भागा. भाड्याच्या करारातले क्षेत्र वापरू नका, त्यात जिना आणि लॉबीचा वाटा कसाही धरलेला असतो.

याशिवाय रोजचे कामाचे तास, कामाचे दिवस, माणसांची संख्या, एसी यंत्रणेची आणि दिव्यांची माहिती, आणि अर्जावर सही करणाऱ्याला संस्थेने दिलेले अधिकारपत्र. अर्ज बीईईकडे जातो, सोबत शुल्क भरावे लागते. दिलेली माहिती तपासली जाते, म्हणून प्रत्येक आकड्यामागे कागद ठेवा.

अर्जाआधी इमारत सुधारा

दोन तारे घेऊन बसण्यात अर्थ नाही. आधी ऑडिट करून घ्या. बीईईची परीक्षा उत्तीर्ण झालेला एनर्जी ऑडिटर नेमा. महाराष्ट्रात या कायद्याचे काम पाहणारी संस्था महाऊर्जा, मुख्यालय पुण्यात. तिच्याकडे नोंदणी असलेल्या ऑडिट संस्थांची यादी मिळते. ऑडिटर आला की त्याला दुपारच्या एसीच्या गारव्यात फिरवून परत पाठवू नका. रात्री बोलवा.

मी स्वतः रात्री अकराला मुख्य मीटरसमोर उभा राहतो. शिपाई गेलेले, मजले अंधारात, फक्त वॉचमनच्या केबिनमध्ये दिवा. अशा वेळी मीटरवर २५ किलोवॅट दिसले की पोटात कालवते. मग एकेक एमसीबी, म्हणजे त्या त्या भागाची वीज तोडणारा स्विच, पाडत जायचे आणि आकडा कधी उतरतो ते पाहायचे. सापडते ते असे: गच्चीवरचा एक्झॉस्ट, रिकाम्या कॉन्फरन्स रूममधला एसी, पाणी गरम-थंड करणारे चार डिस्पेन्सर, कोणी कधीच बंद न केलेली मॉनिटरांची रांग. सर्व्हर रूम सोडली तर यातले बहुतेक टायमर लावून बंद करता येते.

आपल्या नागपूरच्या इमारतीत रात्रीचे २५ किलोवॅट १० वर आणले तर रोज बारा तासांप्रमाणे वर्षाला ६५,७०० युनिट वाचतात, आणि खर्च जवळजवळ नाही. ७५ वॅटचे २०० पंखे काढून २८ वॅटचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, पंखे लावले तर, वर्षाला २,२५० तास धरून, २१,१५० युनिट. चोकसकट ५२ वॅट घेणाऱ्या ६०० जुन्या ट्यूब जाऊन २० वॅटच्या एलईडी आल्या की ४३,२०० युनिट.

उरला एसी. २४ अंशांवर ठेवण्याचा आग्रह बीईई धरते. १ जानेवारी २०२० पासून खोलीच्या एसीचे मूळ सेटिंगच २४ अंश असावे असा नियम आहे. एक अंश वाढवला की साधारण ६ टक्के वीज वाचते असे बीईई सांगते. इमारतीचा एसी वर्षाला अडीच लाख युनिट खात असेल आणि पारा २२ वरून २४ वर गेला, तर ३०,००० युनिट. लोक कुरकुरतात. त्यांना आधी पंखे द्या, मग अंश वाढवा; उलट क्रमाने केले तर आठवड्यात सगळे रिमोट परत २० वर गेलेले दिसतील. चिलर, म्हणजे अख्ख्या इमारतीसाठी पाणी थंड करणारे मध्यवर्ती एसीचे यंत्र, असेल तर त्याच्या कंडेन्सरच्या नळ्यांमधला क्षार काढून घ्या. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याने तो फार लवकर साचतो.

बेरीज करा: १,६०,०५० युनिट वाचले. उरले ४,३९,९५०, भागिले ४,०००, म्हणजे ११०. चार तारे.

मात्र हे ११० कागदावर येताच अर्ज करता येत नाही. सुधारणा पूर्ण झाल्यावर पुढचे बारा महिने मोजावे लागतात. या काळात एखादा मजला रिकामा पडला आणि ईपीआय आपोआप खाली आला, तर अर्जात तसे स्पष्ट लिहा. ती बचत तुमची नाही.

फाइल बंद करण्याआधी बारा बिलांच्या युनिटची बेरीज, तक्ता ज्याने केला त्याच्याऐवजी दुसऱ्या कोणाकडून, मूळ बिले हातात घेऊन करवून घ्या. तासाभराचे काम आहे.